‘वेनहॅस्टन डूम’मधला डूम म्हणजे काय?

प्रश्न असा आहे: इंग्लंडच्या सफक परगण्यात वेनहॅस्टन गावच्या चर्चमध्ये लाकडी फळ्यांवर रंगवलेलं एक जुनं चित्र आहे, त्याला ‘वेनहॅस्टन डूम’ म्हणतात. डूम म्हणजे विनाश ना? मग मराठीत ‘वेनहॅस्टनचा विनाश’ लिहावं का?

नको. वाचणाऱ्याला वाटेल, गावात पूर आला होता. जुन्या इंग्रजीत ‘डोम’ म्हणजे कायदा किंवा न्यायनिवाडा. ‘मानणं, ठरवणं’ या अर्थाचं ‘डीम’ हे क्रियापद त्याचंच भावंड. ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावर न्यायाधीशाला अजूनही ‘डीमस्टर’ म्हणतात. इंग्लंडच्या 1086 सालच्या जमीनपाहणीच्या दप्तराला पुढे ‘डूम्सडे बुक’ नाव पडलं, तेही त्यातल्या नोंदीवर अपील नाही म्हणून. भाषाशास्त्रज्ञ हा शब्द ज्या मुळाशी नेतात, तेच संस्कृत ‘धा’ (ठेवणं, नेमून देणं) या धातूचंही मूळ. म्हणजे आपले विधान, विधी, संविधान हे डूमचे लांबचे नातेवाईक.

निवाड्याचा विनाश कसा झाला? ख्रिस्ती श्रद्धेनुसार जगाच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निवाडा होतो (चित्रात तोच आहे), आणि त्यात बहुतेकांना शिक्षेचीच धास्ती, म्हणून. मराठीला हे नवं नाही. कोर्टाचा ‘निकाल’ लागतो आणि एखाद्याचा ‘निकाल लावतात’ तोही. ‘विधी’सुद्धा नियमापासून निघून ‘विधिलिखिता’पर्यंत पोचलाच की.

चित्र 1500च्या आसपासचं. वरच्या बाजूला इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त, खाली तराजू घेतलेला देवदूत मायकेल आणि शेजारी सैतान. एका बाजूला संत पीटर पुण्यवंतांना स्वर्गात घेतोय. ते सगळे नागवे, फक्त राजाच्या डोक्यावर मुकुट आणि बिशपच्या डोक्यावर त्याची टोपी शिल्लक! (कोण कोण ते प्रेक्षकांना कळायला नको का?) दुसऱ्या बाजूला नरकाचा आ वासलेला जबडा. तांदूळ निवडावेत तशी ही माणसांची निवड आहे, म्हणून मला ‘न्याय’पेक्षा ‘निवाडा’ जवळचा वाटतो.

चित्राच्या मध्यभागी मोकळ्या, न रंगवलेल्या आकृती दिसतात. तिथे लाकडात कोरलेला क्रूस आणि बाजूला येशूची आई मरिया व त्याचा शिष्य योहान उभे असत. या कोरीव समूहाला ‘रूड’ म्हणतात आणि खालच्या जाळीदार लाकडी पडद्याला ‘रूड स्क्रीन’. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत मूर्ती काढल्या गेल्या, चित्रावर चुना फासला गेला. 1892मध्ये दुरुस्तीच्या वेळी फळ्या उतरवून आवारात टाकल्या, रात्री पाऊस पडला, चुना वाहून गेला आणि खालचे रंग वर आले. तोवर त्या जुन्या, टाकाऊ फळ्याच समजल्या जात होत्या.

तेव्हा भाषांतरात ‘वेनहॅस्टनचं अंतिम निवाड्याचं चित्र’ लिहा, पहिल्या उल्लेखात ‘डूम’ हे नावही द्या. सॉल्झबरी आणि कॉव्हेंट्रीच्या चर्चमध्ये असेच देखावे भिंतीवर आहेत, त्यांनाही डूमच म्हणतात. ‘डूमस्क्रोलिंग’मधला (फोनवर एकामागून एक वाईट बातम्या वाचत राहणं) डूम मात्र आजचा, विनाशाचाच. तिथे निवाडा आणू नका.