गुलामगिरी नको, पण काळी माणसंही नकोत

प्रश्न: नमस्कार सर, माझी लेक अमेरिकेत ऑरेगन राज्यात पोर्टलंडजवळ राहते. तिच्याकडे जाऊन आले तर तिकडे काळे लोक फारच कमी दिसले. जावई म्हणतात इथे गुलामगिरीवर पहिल्यापासून बंदी होती. मग उलट काळी माणसं तिकडे धावत यायला हवी होती ना? – एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, जावईबापूंचं अर्धंच बरोबर आहे. बंदी 1843 पासून होती हे खरं, पण 1844 मधे कायदा झाला की काळ्या पुरुषांनी 2 वर्षांत आणि बायकांनी 3 वर्षांत ऑरेगन सोडायचं, नाहीतर फटके, कमीत कमी 20 आणि जास्तीत जास्त 39. फटक्यांचं कलम लगेच बदललं आणि 1845 मधे तो कायदाही गेला, पण 1849 मधे नव्या काळ्या लोकांना येऊच न देणारा दुसरा आला. त्यात जेकब व्हँडरपूल नावाचा काळा माणूस सापडला, ऑरेगन सिटीत लॉज चालवायचा, तक्रार केली ती दुसऱ्या एका हॉटेलवाल्याने (आता यात वंशद्वेष किती आणि गिऱ्हाईक किती ते तुम्हीच ठरवा) आणि 1851 मधे कोर्टाने त्याला 30 दिवसांत निघ म्हणून सांगितलं.

बरं, गुलामगिरीवरची ती बंदी तरी पाळली का? नेथॅनियल फोर्ड नावाच्या माणसाने मिसूरीहून 1844 मधे रॉबिन आणि पॉली होम्स या गुलाम जोडप्याला सोबत आणलं. कायदा असूनही ते वर्षानुवर्षं त्याच्या शेतावर राबले, सोन्याच्या खाणीत रॉबिनला कॅलिफोर्नियाला पण पाठवलं. शेवटी नवरा-बायकोला सोडलं पण पोरं ठेवून घेतली. रॉबिनने सरळ केस ठोकली, ती वर्षभराहून जास्त रखडली, मग 1853 मधे न्यायाधीश जॉर्ज विल्यम्सने पोरं आईबापाला परत दिली. बंदी असलेल्या मुलखात स्वतःच्या लेकरांसाठी कोर्टात भांडावं लागलं, काय म्हणायचं याला.

कारण गुलामगिरी नको म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना गुलामांची कीव नव्हती. फुकट राबणारी माणसं आली तर आपल्या मजुरीचं काय, आणि मोठे मळेवाले येऊन जमिनी गिळतील, ही भीती. सरकार तेव्हा गोऱ्या जोडप्याला 640 एकर फुकट देत होतं (जमीन मुळात आदिवासींची, ते वेगळंच), काळ्यांना त्यात वाटा नाही.

सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे 9 नोव्हेंबर 1857 चं मतदान. गुलामगिरी हवी म्हणणारे 2,645 आणि नको म्हणणारे 7,727, आणि त्याच दिवशी स्वतंत्र काळ्या माणसांना येऊ देऊ नका म्हणणारे 8,640, येऊ द्या म्हणणारे फक्त 1,081! काळ्यांना बंदी घालणारं ते कलम राज्यघटनेत घेऊनच ऑरेगन 1859 मधे अमेरिकेचं राज्य झालं. मग कोण कशाला धावत येईल हो तिकडे?

कलम निघालं 1926 मधे, आणि राज्यघटनेत उरलेले वंशवाचक शब्द काढायला 2002 मधे परत मतदान घ्यावं लागलं. तेव्हाही साधारण 29 टक्के लोकांनी काढू नका म्हणून मत दिलं.