काकू, तो दोन हजारांचा चेक कधी येणार?

दर महिन्याला या सदरात ग्रीन कार्ड, बाळंतपणाचा विमा, आईवडिलांचा व्हिसा असं काहीबाही येतं. या डिसेंबरात (2025) मात्र निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आहेत. 9 नोव्हेंबरला ट्रम्प साहेबांनी लिहिलं की टॅरिफच्या पैशातून माणशी किमान 2000 डॉलर ‘डिव्हिडंड’ देणार, आणि तेव्हापासून आपली मंडळी पोस्टमनची वाट बघतायत. मी न्यू जर्सीत फेब्रुवारी ते एप्रिल लोकांची टॅक्स रिटर्न्स भरते, म्हणून संपादकांनी हा गठ्ठा माझ्याकडे ढकलला.

प्रश्न : आमचा मुलगा आणि सून दोघेही एडिसनला नोकरी करतात. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की अमेरिकेत सगळ्यांना दोन हजार डॉलर मिळाले. मुलाला विचारलं तर तो म्हणतो, ‘आई, काही आलेलं नाही.’ तो लपवत तर नसेल? आणि आम्ही मागच्या वर्षी सहा महिने तिथे राहून आलो, तर आम्हाला काही मिळेल का? – एक आजी, कोथरूड

आजी, मुलावर विश्वास ठेवा. घोषणा झाली, कायदा झालेला नाही. अमेरिकेत असे पैसे वाटायचे तर काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) कायदा करावा लागतो, आणि हे लिहीपर्यंत तिने तसं काहीही केलेलं नाही.

उद्या झालाच, तरी तुमच्या मुलाच्या हाती काही लागेल असं मला वाटत नाही. त्याच घोषणेत कंसात लिहिलंय की जास्त उत्पन्नवाले वगळून. 2021 च्या मार्चमधल्या कोविड मदतीच्या 1400 डॉलरच्या वेळी नवराबायकोचं मिळून उत्पन्न 1,60,000 डॉलरला पोचलं की हाती शून्य. एडिसनमध्ये दोघं आयटीत असतील तर ते त्याच्या पुढेच असणार. सोसायटीत हे सांगू नका, नाहीतर नवीनच चर्चा सुरू होईल.

तुम्हा दोघांना नाही. व्हिजिटर व्हिसावर जाऊन नातवाला सांभाळलं त्याचं पुण्य मिळेल, चेक नाही.

प्रश्न : मी 2018 मध्ये एमएसला गेलो आणि 2019 च्या शेवटी परत आलो. यंदा दिवाळीच्या साफसफाईत आईला कपाटात अमेरिकन सरकारचा 1200 डॉलरचा चेक सापडला, 2020 चा. त्यावर राष्ट्राध्यक्षांचं नाव छापलंय. बँक घेत नाही. बाबा म्हणतात, लाखाच्या वर रक्कम आहे, काहीतरी कर. आई म्हणते, फ्रेम करू. – नाशिक

आईचं म्हणणं व्यवहाराच्या जास्त जवळचं आहे. तरी फ्रेमही करू नकोस.

चेकवर बारकाईने बघ, एका वर्षानंतर रद्द असं छापलेलं दिसेल. म्हणजे तो कधीच मेला. पण मुळात तो तुझा नव्हताच. एफ-1 या व्हिसावरचा विद्यार्थी पहिली पाच वर्षं करापुरता ‘अनिवासी’ असतो, त्याने 1040-एनआर हा फॉर्म भरायचा. तू बहुतेक रूममेटच्या सांगण्यावरून फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये निवासींसाठीचा साधा 1040 भरलास. कॉम्प्युटरने तुला निवासी धरलं आणि चेक काढला. 2020 मध्ये असे चेक परदेशी गेलेल्या पुष्कळ मुलांना आले.

रीत अशी : मागच्या बाजूला जिथे सही करतात तिथे ‘व्हॉइड’ लिही, का परत करतोयस ते एका चिठ्ठीत लिही आणि आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याला, पाठव. चेक घडी करायचा नाही, टाचणी मारायची नाही. आणि पुन्हा अमेरिकेला जायचा विचार असेल तर ते जुनं रिटर्न 1040-एक्स भरून दुरुस्त करून घे. चेकपेक्षा ते महत्त्वाचं.

नावाचं म्हणशील तर ते डाव्या बाजूला छापलेलं होतं आणि आयआरएसच्या चेकवर राष्ट्राध्यक्षांचं नाव ही पहिलीच वेळ. मला आपल्याकडच्या शिध्याच्या पिशवीवरचे फोटो आठवले. बायडनने पुढच्या वर्षी नाव टाकलं नाही.

प्रश्न : 2020 मध्ये मी एच-4 वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागे बायकोला मिळतो तो व्हिसा) होते, माझ्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नव्हता, नुसता कर भरण्यापुरता आयटीआयएन हा नंबर होता. मुलगा इथेच जन्मलेला. शेजारच्यांना पैसे आले, आम्हाला एक पैसा नाही. पाच वर्षं झाली तरी पैशाचा विषय निघाला की हे म्हणतात, ‘तुझ्या त्या नंबरमुळे पाच हजार गेले.’ आता दोन हजारांच्या बातमीने पुन्हा तेच सुरू झालंय. आता काही करता येईल का? – फ्रिस्को, टेक्सास

बाई गं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं.

2008 मध्ये मीही एच-4 वर होते. बुशनी जोडप्याला 1200 आणि मुलामागे 300 जाहीर केले होते. सोशल सिक्युरिटी नंबरच्या शेवटच्या दोन आकड्यांप्रमाणे तारखा ठरलेल्या होत्या. आमच्या ह्यांचा शेवट 43, म्हणजे खात्यात जमा व्हायची तारीख 9 मे. मी फ्रिजवरच्या कालनिर्णयात त्या चौकोनाभोवती लाल पेनने गोल केला होता. 1500 डॉलरमध्ये भारताची दोन तिकिटं बसवायचा हिशेब त्याच पानाच्या मागे. 9 गेली, 16 गेली, जून उजाडला. मग कळलं की एकत्र रिटर्न भरलं असेल तर दोघांकडेही सोशल हवा. एकाकडे आयटीआयएन असेल तर अख्ख्या घराला शून्य. इथे जन्मलेल्या मुलीचे तीनशेसुद्धा गेले. कायदाच तसा होता. तो गोल वर्षअखेरीपर्यंत फ्रिजवर होता, आणि ह्यांनीही तुझ्या नवऱ्यासारखंच एक वाक्य टाकलं होतं. (एकदाच टाकलं.)

मार्च 2020 च्या कायद्यात तोच नियम पुन्हा आला. पण ही गोष्ट तिथे संपत नाही, आणि हे तुझ्या नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखव. 27 डिसेंबर 2020 च्या कायद्याने तो नियम मागच्या तारखेपासून बदलला. ज्याच्याकडे सोशल आहे त्याला त्याचे पैसे, मुलाला मुलाचे, फक्त आयटीआयएनवाल्या व्यक्तीला नाहीत. कोविडची मदत तीन खेपांत आली. उत्पन्न मर्यादेत असेल तर पहिल्या खेपेचे नवऱ्याचे 1200 आणि मुलाचे 500, दुसऱ्या खेपेचे 600 आणि 600, तिसऱ्या खेपेचे 1400 आणि 1400. एकूण 5700. तुझ्या नावाचे 3200 बुडाले, ते खरं.

आता 2020 चं रिटर्न काढ. फॉर्म 1040, दुसरं पान, ओळ 30. तिथे 1700 (पहिली खेप) किंवा 2900 (पहिल्या दोन खेपा) लिहिलेलं असेल तर ते पैसे तुमच्या रिफंडात मिसळून कधीच आलेत. माझ्याकडच्या कितीतरी घरांत हेच झालंय. चेक म्हणून आला नाही, म्हणून आलाच नाही अशी समजूत. मुळात तो चेक म्हणजे त्या वर्षीच्या रिटर्नमधल्या एका क्रेडिटचा (करसवलतीचा) आगाऊ हप्ता असतो. आधी हाती पडला नाही तर रिटर्नमध्ये मागायचा, एवढंच.

ओळ कोरी असेल तर मात्र उपाय नाही. 2020 चं मागायची मुदत 17 मे 2024 ला संपली, 2021 चं (म्हणजे तिसऱ्या खेपेचं) 15 एप्रिल 2025 ला. पण मग ती ओळ कोरी कोणी ठेवली, हा प्रश्न तू विचारू शकतेस. रिटर्न भरायचं काम तुझ्याकडे नव्हतं, असं गृहीत धरते.

प्रश्न : आपल्याकडे लाडक्या बहिणींना दीड हजार दिले की ‘रेवडी’ म्हणायचं आणि अमेरिकेने चेक वाटले की ‘स्टिम्युलस’. फरक काय? – निवृत्त मुख्याध्यापक, डोंबिवली

सर, तुमचा चिमटा बसला. पण अमेरिकेचे सगळे चेक एका माळेचे मणी नाहीत. 2001 मध्ये पहिल्या 6000 डॉलरवरचा कर 15 टक्क्यांवरून 10 वर आणला. पाच टक्के म्हणजे 300 डॉलर. जोडप्याला 12,000 वर 600. तेवढ्याच रकमेचे चेक निघाले. ज्याने कर भरला त्याचेच पैसे त्याला परत, याला रेवडी कसं म्हणणार? तरीही पुढच्या वर्षी हे परत द्यावे लागणार म्हणून आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ते वेगळ्या खात्यात ठेवले होते. परत द्यायचे नव्हतेच. 2008 ला कर न लागणाऱ्यालाही तीन हजारांची कमाई दाखवली की 300 मिळाले. 2020 ला कमाईची अटसुद्धा गेली. म्हणजे नाव ‘रिबेट’च (करातली सूट) राहिलं आणि आतला माल बदलत गेला. शेवटच्या खेपांना तुम्ही रेवडी म्हणालात तर मी भांडणार नाही. फक्त तेव्हा लोक घरात कोंडलेले होते आणि नोकऱ्या गेल्या होत्या, हेही वहीत लिहा.

आपल्या भारतातल्या आयकराच्या रिबेटने मात्र असा घोळ होत नाही. तो कर कापूनच दाखवतो, दारात काही येत नाही, म्हणून कोणी वाटही बघत नाही.

प्रश्न : मे 2020 मध्ये आमच्याकडे एका साध्या पांढऱ्या पाकिटात डेबिट कार्ड आलं होतं. जाहिरात समजून मी टाकून दिलं. ते हेच पैसे होते का? – एक ताई, शिकागो

बहुधा हो. सुमारे 40 लाख लोकांना चेकऐवजी कार्ड गेलं. पाकिटावर सरकारचं काही ठळक नाव नाही, कार्डावर कुठल्याशा अनोळखी बँकेचं. आमच्या ह्यांनी ते स्वयंपाकघरातल्या कात्रीने चार तुकडे करून कचऱ्यात टाकलं, वर ‘हल्ली फसवणूक फार वाढलीये’ असं मला ऐकवलं. आठवड्याने पेपरात वाचलं. मग मी चहाचा चोथा बाजूला करून तुकडे शोधले आणि त्यावरच्या नंबरवर फोन करून नवीन कार्ड मागवलं. तुमची मुदत आता गेली, ताई.

प्रश्न : 2000 डॉलरसाठी नाव नोंदवायची लिंक आलीये. सोशल आणि बँकेचा नंबर मागतात. भरू का? – जर्सी सिटी

नाही.