युरिया प्लँट, आखात आणि मुलीची दहावी

जिंतूरकडच्या एका मुलानं विचारलंय. केमिकलची डिग्री, आठ वर्षं देशातल्या युरिया प्लँटच्या पॅनलवर काढली. आता आखातातल्या एका कंपनीत तिथल्या स्थानिक पोरांना ऑपरेटर म्हणून तयार करायचं काम चालून आलंय. पगार तिपटीच्या वर. घरी बायको आणि सहा वर्षांची मुलगी. "काका, तुम्ही एकोणीस वर्षं तिकडं आहात. जाऊ का?"

व्हिसा, मेडिकल, करारातली कलमं हे तुला सरकारी साईटवर मिळेल, ते मी सांगत बसत नाही. तुझा प्रश्न वाचून काल रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

कामाचं आधी. प्लँट तिथंही तोच आहे. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साईड, १४०-१५० बारचा दाब, १८५ अंशांच्या आसपास तापमान आणि मधे ते कार्बामेट, या दोघांचा युरिया होण्याआधीचा टप्पा. लाईन थंड पडली की गोठणार आणि धातूला मिळेल तिथून खाणार. हे तुला शिकवायची गरज नाही. पण चालवणं वेगळं आणि शिकवणं वेगळं, हे मला तिथं गेल्यावर कळलं. एकोणीस-वीस वर्षांची पोरं असतात, शिकायला उत्सुक असतात. "समजलं का?" विचारलं की सगळी मान डोलावतात. आपल्याकडं आयटीआयमधून आलेली पोरंही तेच करतात, मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं! म्हणून तो प्रश्नच विचारू नकोस. व्हॉल्व्हपाशी ने, हात ठेवायला लाव आणि "हा बंद केला तर पुढं काय होईल" ते त्याच्या तोंडून ऐक. गॅस गळतीच्या ड्रिलमध्ये पळायला सांगायच्या आधी वाऱ्याच्या पिशवीकडं बघायला लाव. वारा ज्या दिशेला वाहतोय त्याच दिशेला पळालेला माणूस अमोनियाच्या ढगासोबतच पळत राहतो. त्याला वाऱ्याला आडवंच निघायची सवय लागली पाहिजे, विचार न करता.

सिम्युलेटर चांगले आहेत. स्टार्टअप, ट्रिप, इंटरलॉक, सगळं त्यावर घोटून घेता येतं. पण कार्बामेट पंपाचा आवाज बदलला ते सिम्युलेटरवर कळत नाही.

आणि बाययुरेट, म्हणजे युरिया जास्त तापला की त्यात तयार होणारा नको असलेला पदार्थ, का सांभाळायचं हे त्यांना आकड्यांनी पटत नाही. आपल्याकडं १.५ टक्क्याची मर्यादा आहे, हे पाठ होतं, पण टाकीतलं मेल्ट, म्हणजे वितळलेला युरिया, जास्त वेळ गरम राहिलं तर कुणाचं काय बिघडतं ते दिसत नाही. शेत बघितलेलं नसतं ना. मी भावाकडून फोटो मागवला होता. औशाजवळ आमची कापूस-तुरीची जमीन आहे. पानांवर युरियाची फवारणी केली आणि त्यात बाययुरेट जास्त असलं तर पानाच्या कडा करपतात, ते करपलेलं पान मोठं करून भिंतीवर लावलं. त्या दिवसापासून टँकची लेव्हल पोरं स्वतःहून सांगायला लागली. तोच भाऊ दर जूनला फोन करतो की कृषी केंद्रासमोर रांग आहे, अंगठा लावूनही दोनच गोण्या देतात, वर दुसरं खत गळ्यात मारतात. मी त्या वेळी बंदरात युरिया भरून भारताकडं निघालेलं जहाज बघत असतो. याचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

कागदपत्रांचं एकच सांगतो, कारण ते अजून डोक्यात आहे. मी नांदेडला शिकलो, १९९३ साली पास झालो. डिग्रीवर "मराठवाडा विद्यापीठ" असं छापलंय. पडताळणीचं कंत्राट असलेल्या परदेशी कंपनीनं कळवलं, की या नावाचं विद्यापीठ अस्तित्वात नाही. खरंच नाही. १४ जानेवारी १९९४ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडून नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडला वेगळं विद्यापीठ निघालं. त्या नावासाठी सोळा वर्षं लढा झाला, लोकांची घरं जळाली, माणसं गेली. हे सगळं मी इंग्रजी फॉर्ममधल्या "रिमार्क्स"च्या दोन ओळींत कसं बसवणार होतो? चार महिने गेले. तुझं तसं होणार नाही, पण डिग्री, मार्कमेमो आणि पासपोर्ट यांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून ठेव. वडिलांचं नाव एकीकडं आहे आणि दुसरीकडं नाही, एवढ्यावर फाईल अडते.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. पाळ्या सुरू झाल्या की दिवस जातात. पोळ्याच्या दिवशी घरी फोन करू नये, एवढंच.

आता मुलीचं. हे नीट वाच. माझी लेक चार वर्षांची असताना आम्ही तिकडं गेलो. तिथल्याच भारतीय शाळेत दहावी झाली, २०१८ साली, मार्क उत्तम. डॉक्टर व्हायचं होतं, म्हणून अकरावीला लातूरला आजीकडं पाठवली. दोन वर्षं तिनं जे केलं ते मी माझ्या आयुष्यात केलेलं नाही. पहाटे चारला उठायची. नीटला मार्कही तसे पडले, राज्याच्या कोट्यातून सरकारी कॉलेज मिळालं असतं एवढे. पण त्या कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. जन्म लातूरचा, बारावी लातूरची, आजोबांच्या नावावर सातबारा, सगळं होतं. दहावी नव्हती. हा नियम काही कुणी लपवला नव्हता. मी वाचला नव्हता. मायक्रोबायोलॉजी करून ती आता पुण्याला नोकरी करते. मला एका शब्दानं बोललेली नाही. तुझी सहा वर्षांची आहे, म्हणजे अजून आठ-नऊ वर्षं हातात आहेत. तिच्या नववीच्या आधी बायको-मुलगी परत येणार की नाही, हे जायच्या आधी ठरव.

आणखी एक आहे, ते मी घरीही पूर्ण सांगितलेलं नाही.

रिॲक्टरच्या आतलं स्टेनलेसचं अस्तर आणि बाहेरचं जाड पोलाद तुला माहीत आहे. अस्तराला चीर गेली तर कळावं म्हणून बाहेरच्या कवचाला वीप होल, म्हणजे बारीक भोकं, असतात. माझ्या हाताखालचा एक मुलगा रात्रपाळीत राऊंडला गेला. एका वीप होलच्या तोंडाशी पांढरे खडे साचलेले दिसले, मिठासारखे. त्यानं फडक्यानं पुसून टाकले. दोन तासांनी परत आले, परत पुसले. सकाळी सहाला ते फडकं घेऊन माझ्याकडं आला, "सर, हे स्वच्छ राहत नाही." फडक्याला अमोनियाचा वास येत होता. मी शिडीवर धावलो. महिनाअखेर होती, वरच्यांना दिवसभर लक्ष ठेवून चालवायचं होतं. मी अडून बसलो, प्लँट बंद झाला. उघडल्यावर अस्तराच्या वेल्डला चीर निघाली.

त्यानं पुसलं का? कारण तीन आठवडे मी त्यांना स्वच्छतेचे धडे देत होतो. वीप होल मी पडद्यावर दाखवला होता, वर नेऊन कधी दाखवला नव्हता. चूक शिकवण्यात होती. कंपनीनं ताकीदपत्र दिलं त्या मुलाला, "लीक लपवला" म्हणून. त्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. त्या आठवड्यात बायको-मुलीचा व्हिसा नूतनीकरणाला गेला होता आणि ती फाईल ताकीदपत्र काढणाऱ्या साहेबाच्याच टेबलावर होती. प्लँट बंद करायला भांडलेलो मी त्या कागदापुढं गप्प बसलो.

त्यानंतर प्रत्येक बॅचला पहिल्या आठवड्यात वर नेतो, एकेक भोक मोजायला लावतो. तो मुलगा आज शिफ्ट इनचार्ज आहे, ईदला घरी बोलावतो. पत्राचा विषय त्यानं कधी काढला नाही, मीही नाही.

तर ये, काम मोलाचं आहे. पण पहिलं वर्ष एकटा ये आणि सहा महिन्यांचा घरखर्च लातूरच्या नाहीतर परभणीच्या बँकेत आधी टाक, म्हणजे नाही म्हणायची वेळ आली तर म्हणता येईल. मुलाखतीत त्यांना एक विचार: ट्रेनर म्हणाला की हा मुलगा एकट्यानं पाळी सांभाळायला अजून तयार नाही, तर शेवटचा शब्द कुणाचा? उत्तर लेखी मागून घे. मिळालं तर मला कळव, मी कधी मागितलं नव्हतं.