माशांच्या औषधातलं तांबं खाऱ्या पाण्याच्या टँकमधून कसं काढायचं? आता त्यात कोळंबी सोडायची आहे.

आधी पाणी बदलून बरंचसं काढा, उरलेलं तांबं शोषणाऱ्या रेझिनने ओढून घ्या. पण औषध पडलं तेव्हा आत असलेले खडक आणि वाळू टाकून दिलेलीच बरी. खडक आणि कोरल सँड कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. तांबं त्यांना चिकटतं आणि पाण्यातलं प्रमाण उतरलं की हळूहळू परत सुटतं. म्हणून आज टेस्ट कोरी येते आणि काही दिवसांनी पुन्हा रंग दिसतो.

हिशेब सोपा आहे: लिटरला ०.२ मिग्रॅ असेल, तर निम्मं पाणी बदलल्यावर ०.१, पुन्हा निम्मं बदललं की ०.०५. त्यापुढे नुसतं पाणी बदलत बसणं महागात पडतं. मग क्युप्रिसॉर्ब, म्हणजे तांबं शोषणारं रेझिन, जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये अशा जागी ठेवा, की पाणी तिच्या आतून जाईल. कोपऱ्यात नुसती लोंबकळणारी पिशवी फारसं काम करत नाही. सोबत पॉली-फिल्टर या शोषक पॅडचा तुकडा लावा. तांबं धरलं की तो निळा पडतो. नवा तुकडा निळा पडायचा थांबेपर्यंत बदलत राहा. ॲक्टिव्हेटेड कार्बन मदत करतो, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

एक मात्र लक्षात ठेवा: औषध चिलेटेड असेल, म्हणजे त्यातलं तांबं दुसऱ्या रेणूंनी बांधून ठेवलेलं असेल, तर काही टेस्ट किट ते नीट मोजत नाहीत, त्यामुळे एकूण तांबं मोजणारंच किट घ्या. आणि किटवरचं शून्य म्हणजे किटला दिसत नाही, इतकंच. कोळंबीला त्याहून कमी तांबंही बाधू शकतं, म्हणून आधी एकच सोडून पाहा.