फॉरवर्ड आलेला व्हिडिओ कोर्टात चालतो का?

प्रश्न : ताई, माझा भाचा इथे लॉ करतो, रामबागेत आमच्याकडेच राहतो. परवा पोहे खाताना म्हणाला की युद्धातले मोबाइलवरचे व्हिडिओ हेगच्या कोर्टात पुरावा म्हणून चालतात. खरंच? मग मला येणारे फॉरवर्ड जपून ठेवू का?
– एक मामी, इंदूर

उत्तर : मामी, भाचा बरोबर बोलतोय हो. २०१७ मध्ये हेगच्या याच कोर्टाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने, लिबियातला लष्करी कमांडर महमूद अल-वरफल्ली याचं अटक वॉरंट काढलं ना, ते बऱ्यापैकी सोशल मीडियावरच्या व्हिडिओंच्या जोरावरच होतं.

पण तुमचे फॉरवर्ड राहू द्या, व्हॉट्सॲपवरून फिरता फिरता व्हिडिओची क्वालिटी तर जातेच, वर तो कधी, कुठल्या फोनवर काढला ही आतली माहितीही बहुतेक गळून पडते. खरी किंमत मूळ फाइलची, काटछाट न केलेली, आणि ती कुणाकडून कुणाकडे गेली त्याची नोंद हवी. तपास करणारे फाइलचा हॅश काढतात, म्हणजे अंगठ्याच्या ठशासारखा आकडा, फाइल जराशी बदलली की तोही बदलतो. मग मागची इमारत, सावली, रस्त्यावरची पाटी बघून जागा नि वेळ जुळवतात, फार किचकट काम. भाच्याला २०२० चा बर्कली प्रोटोकॉल, म्हणजे असा डिजिटल पुरावा कसा जमवायचा नि तपासायचा याची मार्गदर्शिका, वाचायला सांगा, त्यात हे सगळं आहे. आणि हो, भारत या कोर्टाचा सदस्य नाही, हेही विचारा त्याला, माहितीये का ते!