तुरटी वाढवली की पाणी पुन्हा गढूळ

प्रश्न : प्रकल्पासाठी गढूळ पाण्यावर जार टेस्ट (एकाच पाण्याच्या अनेक बीकरमध्ये तुरटीच्या वेगवेगळ्या मात्रा घालून तुलना) करतो आहोत. लिटरला ४० मिलिग्रॅम तुरटीला पाणी नितळ होते, ८० ला पुन्हा गढूळ. मोजण्यात चूक आहे का?

उत्तर : बहुधा नाही. मातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो; तुरटीतले ॲल्युमिनियम तो शमवते आणि कण चिकटून गुठळ्या होतात. मात्रा जास्त झाली की कणांवर धन प्रभार चढतो आणि ते पुन्हा एकमेकांना दूर लोटतात.

पण आधी प्रत्येक बीकरचा सामू मोजा. प्रकल्पात हेच नेमके राहून जाते! फिल्टर ॲलमचा (पाणी शुद्धीकरणातली तुरटी, ॲल्युमिनियम सल्फेट) दर १ मिलिग्रॅम सुमारे ०.५ मिलिग्रॅम अल्कलिनिटी (आम्ल शमवण्याची पाण्याची क्षमता, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात मोजलेली) खातो. ती संपली की सामू कोसळतो, ॲल्युमिनियम विरघळलेलेच राहते आणि गुठळी धरत नाही. सामू ५.५ च्या खाली दिसला तर थोडी चुन्याची निवळी घालून तीच मात्रा पुन्हा तपासा. पाणी नितळले, तर दोष धन प्रभाराचा नव्हता, अल्कलिनिटी संपल्याचा होता.

द्रावण रोज ताजे करा : १० ग्रॅम तुरटी, एकूण १ लिटर. त्याचे १ मिलिलिटर म्हणजे लिटरभर पाण्यात १० मिलिग्रॅम. सगळ्या बीकरमध्ये एकाच वेळी ओता. मिनिटभर, मिनिटाला १०० फेऱ्यांच्या वेगाने ढवळा, मग २० मिनिटे, मिनिटाला ३० फेऱ्यांनी. इथे वेग वाढवला तर गुठळ्या फुटतात आणि नीट जुळत नाहीत. अर्धा तास निवळू द्या. नमुना पृष्ठभागाखाली २-३ सेंटिमीटरवरून पिपेटने घ्या, बीकर कलता करून नव्हे.

४० आणि ८० च्या मध्ये ५०, ६०, ७० घ्यायला हवेतच.