मोटारी विजेवर आल्या, मग ट्राम कशाला?

प्रश्न : तुम्ही मागे लिहिलं होतं की नॉर्वेत नव्याने विकल्या जाणाऱ्या दहा मोटारींपैकी नऊहून जास्त विजेवरच्या असतात. मग बर्गनसारख्या तीन लाखांच्याही आतल्या शहराने ट्रामवर एवढा पैसा का घालावा? आणि डोंगर फोडून, काँक्रीट ओतून उभ्या केलेल्या गोष्टीला पर्यावरणपूरक कसं म्हणायचं?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : दुसरा भाग जास्त अवघड, म्हणून तो आधी घेते. तुमची शंका रास्त आहे. पोलाद, सिमेंट, सुरुंग या सगळ्याचा धूर पहिली ट्राम धावण्याआधीच हवेत गेलेला असतो आणि नॉर्वेतली बहुतेक वीज पाण्यावर तयार होते म्हणून तो धुऊन निघत नाही. म्हणून मी बघते ते एवढंच, की एकदा खोदकाम केलंच आहे तर त्यातून शहराने आणखी काय काय काढून घेतलं.

बर्गनच्या फिलिंग्सडालेन या उपनगराला जाणारी ट्रामची दुसरी लाइन नोव्हेंबर 2022 मध्ये सुरू झाली. ती लोवस्टाकेन डोंगराच्या पोटातून जाते. इतक्या लांब बोगद्यात काही झालंच तर प्रवाशांना बाहेर पडायला वेगळी वाट ठेवावी लागते. बर्गनने ती वाट नुसती बंद दाराआड ठेवली नाही. ट्रामच्या बोगद्याला समांतर, सुमारे तीन किलोमीटरचा बोगदा सायकलींना आणि पायी चालणाऱ्यांना देऊन टाकला. एप्रिल 2023 पासून तो खुला आहे. सायकलींची पट्टी वेगळी, चालणाऱ्यांची वेगळी, मध्ये मध्ये रंगीत दिवे. बाहेर पाऊस झोडपत असताना लोक आत धावायचा सराव करत असतात. डोंगरातून निघालेला दगड शहरातल्या स्टोरे लुंगेगोर्ड्सवान या तळ्याच्या तळाशी साचलेल्या दूषित गाळावर टाकला आणि तो झाकला गेला. हाच बोगदा नुसत्या चौपदरी रस्त्यासाठी खणला असता तर मी त्याची बाजू घेतली नसती.

आता विजेच्या मोटारी. नळीतून धूर येत नाही, हे खरंच मोठं काम झालं. पण हिवाळ्यात इथे बऱ्याच गाड्यांच्या टायरना बारीक धातूचे खिळे असतात, बर्फावर पकड मिळावी म्हणून. बर्फ नसेल तेव्हा तेच खिळे डांबर खरवडतात आणि त्याची धूळ उडते. गाडी पेट्रोलची असो वा विजेची, खिळे तेच. बर्गन डोंगरांनी वेढलेलं. वारा पडलेल्या कडाक्याच्या थंडीत गार हवा खाली अडकते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि डान्मार्क्स प्लाससारख्या वाहत्या चौकात श्वास जड होतो. म्हणून असे टायर वापरणाऱ्याला शहरात वेगळे पैसे भरावे लागतात. पहिली ट्राम लाइन याच चौकावरून जाते, ते बरंच झालं.

शिवाय जागेचं काय? आता 42 मीटरच्या झालेल्या एका ट्राममध्ये दोनशेहून जास्त माणसं जातात. तेवढी माणसं मोटारींत बसवली तर रांग कुठवर जाईल, हे पुणेकरांना मी सांगायला नको. बर्गनची जुनी ट्राम 1965 च्या अखेरीस बंद झाली, मुंबईची 1964 मध्ये. दोन्हीकडे तेव्हा रस्ता मोटारींसाठी मोकळा करायची घाई होती. बर्गनने 2010 मध्ये पुन्हा रूळ घातले, आणि त्यासाठीचा बराचसा पैसा आला तो शहरात शिरणाऱ्या मोटारींच्या टोलमधून. हा टोल 1986 पासून आहे; तेव्हाही लोक चिडले होते, अजूनही चिडतात. माझ्या मते खरी हिंमत रुळांत नाही, या टोलमध्ये आहे.

प्रश्न : रुळांमध्ये गवत का लावतात? नुसती शोभा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : शोभा आहेच, पण बर्गनमध्ये वर्षाला दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो, मुंबईच्या तोडीचा, आणि तो बारा महिने विभागून. गवताखालची माती पाणी मुरवते, गटारांवरचा ताण कमी होतो. चाकांचा खडखडाटही गवतात जिरतो, खिडकीजवळून ट्राम जाते त्या घरांना याचं मोल कळतं. आणि हिरव्या पट्ट्यावर कुणी मोटार घालत नाही.

प्रश्न : बर्गनच्या बंदराकाठच्या ब्रिगेन भागातल्या, जागतिक वारसा असलेल्या लाकडी घरांसमोरून ट्राम न्यावी की जमिनीखालून? तुमचं मत काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : वरून. यावर इथे वर्षानुवर्षं भांडण चाललं आहे आणि विरोध करणाऱ्यांचं ब्रिगेनवरचं प्रेम खोटं नाही. पण त्या घरांसमोर आजही रस्ताच आहे, गाड्यांचा. ट्राम जमिनीखाली गेली तर काठी टेकत चालणाऱ्या आजोबांनी जिने आणि लिफ्ट शोधायची, आणि मोटारीने मात्र बंदराकाठी उन्हात फिरायचं. हे मला पटत नाही. गाड्या हटवून तिथे रूळ घाला. घरांच्या पायाला हादरे बसू नयेत म्हणून जो खर्च होईल तो करा, त्यात काटकसर नको.